गरम असताना टिकली, गार झाल्यावर फुटली: सिनगॅस कूलरमधल्या नळ्यांचं प्रकरण

एकोणीस दिवस बंद असलेला गॅसिफायर, म्हणजे कोळशाचं वायूकरण करून जळाऊ सिनगॅस बनवणारी भट्टी, पुन्हा पेटवला आणि तिसऱ्या दिवशी दोन आकडे एकदम चढायला लागले. बॉयलरला लागणारं मेकअप, म्हणजे भरपाईचं, पाणी वाढलं, आणि गॅस थंड करून त्या उष्णतेवर वाफ बनवणाऱ्या कूलरच्या पुढे असलेल्या राखेच्या फिल्टरवरचा दाबफरकही वाढला. पाळीवरच्या ऑपरेटरने दोन्हींची सांगड लगेच घातली. नळीतल्या वाफेचा दाब ६० बार आणि बाहेरच्या गॅसचा २७ बार, म्हणजे भोक पडलं तर वाफ गॅसमध्ये शिरणार, गॅस वाफेत नाही. गॅसमधली कोरडी राख ओली होणार आणि फिल्टरवर तिचा गिलावा बसणार. संध्याकाळपर्यंत प्रकल्प पुन्हा बंद झाला होता. कूलर उघडल्यावर सुपरहीटरच्या, म्हणजे तयार वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांच्या, बंडलमध्ये दोन नळ्या गळताना सापडल्या.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. हा एकाच ठिकाणचा प्रकल्प नाही. अशा कूलरांत जे बिघाड होतात ते एकत्र करून शिकवण्यासाठी रचलेलं हे प्रकरण आहे. नळीची जाडी, तास, दिवस हे आकडे त्यासाठी घेतलेले आहेत. रसायन आणि धातुशास्त्र मात्र खरं आहे, आणि हिशोब कोणालाही पुन्हा करून पाहता येईल.

मांडणी

गॅसिफायर ऑक्सिजनवर चालणारा, कोरडी कोळसापूड घेणारा. आत तापमान इतकं की राख वितळून खाली वाहते. वर निघणारा १५०० अंशांच्या आसपासचा गॅस थंड करून परत फिरवलेल्या गॅसमध्ये मिसळून ९०० अंश सेल्सिअसच्या खाली आणतात, म्हणजे चिकट राख घट्ट होते. मग तो कूलरमध्ये शिरतो. आधी सुपरहीटरचं बंडल, त्यानंतर पाण्याची वाफ करणारा बाष्पक. गॅसमध्ये मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि सुमारे ३० टक्के हायड्रोजन. पाण्याची वाफ जेमतेम ३ टक्के.

सुपरहीटरच्या नळ्या ८००एच मिश्रधातूच्या: सुमारे ३२ टक्के निकेल, २१ टक्के क्रोमियम, बाकी बहुतेक लोखंड, आणि ०.०५ ते ०.१० टक्के कार्बन. वाफ ४८० अंशांना बाहेर पडते, त्यामुळे नळीचा बाहेरचा पृष्ठभाग ५४० ते ५५० अंशांवर राहतो. हा आकडा लक्षात ठेवायला हवा, कारण या क्षेत्रात नवा माणूस पहिली चूक इथेच करतो. तो गॅसचं तापमान बघतो. नळीचं आयुष्य ठरतं ते धातूच्या तापमानावर, आणि ते आतली वाफ ठरवते. गॅस ८५० अंशांचा असला तरी नळी साडेपाचशेच्या पुढे जात नाही. ज्या भागाच्या आतून वाफ किंवा पाणी वाहत नाही, तो मात्र गॅसइतकाच तापतो.

चालू झाल्यापासून ११,००० तास झाले होते. पहिल्या ६,००० तासांत ०.८ टक्के गंधकाचा कोळसा वापरला. नंतर स्वस्त पडला म्हणून ३ टक्के गंधकाचा, आणि क्लोरीनही जास्त असलेला कोळसा आणला. बैठकीत पहिल्या पाच मिनिटांतच निष्कर्ष निघाला: नवा कोळसा, नवं गंधक, नळ्या खाल्ल्या. उपायही तयार होता. जास्त निकेलचा मिश्रधातू घ्यायचा, ५८ टक्क्यांहून जास्त निकेल असलेला ६२५, म्हणजे प्रश्न मिटला.

निष्कर्ष अर्धा बरोबर होता. उपाय चुकीच्या प्रश्नाचा होता.

गंधकाचा हिशोब

आधी बरोबर अर्धं बघू. एक टन कोळशात ३ टक्के गंधक म्हणजे ३० किलो, म्हणजेच ०.९४ किलोमोल (किलोमोल हे रेणूंच्या संख्येचं माप). एक टन कोळशातून साधारण २,००० सामान्य घनमीटर गॅस निघतो, म्हणजे ८९ किलोमोल. भागाकार केला की हायड्रोजन सल्फाइड येतं सुमारे १ टक्का. जुन्या कोळशात तेच ०.२८ टक्के होतं. पावणेचारपट वाढ.

धातूला मात्र हायड्रोजन सल्फाइडचे टक्के कळत नाहीत; त्याला कळतो गंधकाचा आंशिक दाब, म्हणजे गॅसच्या मिश्रणात एकट्या गंधकाच्या वाफेचा दाब. तो हायड्रोजन सल्फाइड आणि हायड्रोजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर अवलंबून असतो. म्हणून पावणेचारपट वाढीचे चौदापट होतात. ५५० अंशांना जुन्या कोळशात हा दाब बारच्या १० चा उणे ११वा घात गुणिले ४ इतका येतो, नव्या कोळशात १० चा उणे १०वा घात गुणिले ६. यात गॅसचा एकूण दाब कुठेच येत नाही, फक्त गुणोत्तर येतं. २७ बारऐवजी १ बारला चालवलं असतं तरी आकडा हाच राहिला असता.

आता दुसरी बाजू, ऑक्सिजन. तोही मुक्त नसतो. पाण्याची वाफ आणि हायड्रोजन यांच्या गुणोत्तरातून ठरतो. ५५० अंशांना इथे तो १० चा उणे २७वा किंवा २८वा घात इतका येतो. हवेत चालणाऱ्या बॉयलरच्या नळीवर लोखंडाच्या ऑक्साइडचा थर असतो. या गॅसमध्ये लोखंडाला ऑक्साइड बनवायला पुरेल एवढाही ऑक्सिजन नसतो. क्रोमियमचं तसं नाही. त्याला याहून १० च्या दहाएक घातांनी कमी ऑक्सिजन असला तरी ऑक्साइड बनवता येतो. म्हणजे कागदावर नळीवर क्रोमियम ऑक्साइडचा घट्ट, संरक्षक थर असायला हवा, आणि चिंता संपायला हवी.

नळीवर तो थर नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली बाहेर लोखंड आणि निकेलच्या सल्फाइडचे जाड, ठिसूळ स्फटिक होते, आणि त्यांच्या आत क्रोमियम जास्त असलेला, गंधक आणि ऑक्सिजन मिसळलेला पातळ थर. कागद आणि नळी यांत फरक का पडला? कारण थर कोणता टिकेल हे ऊर्जेचे कोष्टक सांगतं. कोणता आधी वाढेल हे वेग सांगतो. लोखंडाच्या सल्फाइडच्या जाळीत रिकाम्या जागा इतक्या असतात की त्यातून धातूचे आयन धावत सुटतात. क्रोमियम ऑक्साइडमधून ते मुंगीच्या पावलाने जातात. सुरुवातीच्या काही तासांत दोन्ही प्रकारचे कण पृष्ठभागावर उगवतात आणि सल्फाइडचे कण ऑक्साइडच्या कणांना झाकून पुढे निघून जातात. अमेरिकेतल्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत झालेल्या कामातून याला ‘वेगाची सीमा’ अशी संकल्पना मिळाली. ऑक्साइड संरक्षक व्हायचा असेल तर त्या गंधकात ऑक्साइड आणि सल्फाइड यांच्या समतोलाला लागतो त्याच्या जवळपास हजारपट ऑक्सिजन दाब हवा.

याच कारणाने १९७०च्या दशकातल्या चाचण्या आजही वाचाव्याशा वाटतात. अमेरिकेत मेटल प्रॉपर्टीज कौन्सिलच्या पुढाकाराने कितीतरी मिश्रधातू वायूकरणाच्या कृत्रिम गॅसमध्ये ८१६, ८९९ आणि ९८२ अंशांना ठेवले गेले. त्यातून दोन धडे निघाले. २५ टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त क्रोमियम नसेल तर आशा धरू नये, हा एक. दुसरा जास्त त्रासदायक: काही मिश्रधातू हजार तास छान टिकतात आणि मग अचानक कोसळतात. ऑक्साइडच्या थरातून गंधक हळूहळू आत पोचतं, थराखाली सल्फाइड उगवतं, आणि एकदा थर उचलला गेला की वेग शेकडो पटींनी वाढतो. हजार तासांच्या चाचणीतला नमुन्याचा तुकडा (कूपन) दाखवून मिश्रधातू विकणाऱ्यांकडे म्हणूनच मी जरा संशयाने बघतो.

वितळलेली म्यान

या प्रकरणातला सगळ्यात बोलका तुकडा नळीचा नव्हताच. कूलरच्या तोंडाशी गॅसचं तापमान मोजायला एक थर्मोकपल होतं, त्याचं आवरण ६०० मिश्रधातूचं: ७२ टक्क्यांहून जास्त निकेल, १५ टक्के क्रोमियम. जुन्या कोळशावर ते महिनोन्महिने टिकलं. कोळसा बदलल्यावर काही आठवड्यांतच गेलं. बदललं, पुन्हा गेलं. मेंटेनन्सच्या वहीत तीन वेळा नोंद आहे, ‘थर्मोकपल निकामी, नवीन बसवले’, आणि जुनी आवरणं भंगारात गेली. शेवटचं एक कोणीतरी खणात ठेवलं होतं म्हणून हाती लागलं. टोकाशी ते मेणबत्तीसारखं ओघळून गोठलेलं होतं.

लोखंड आणि त्याचं सल्फाइड मिळून ९८८ अंशांना वितळतं. निकेल आणि निकेल सल्फाइड मात्र ६३५ ते ६४५ अंशांनाच द्रव होतं. थर्मोकपलला आतून थंड करणारं काही नाही, त्यामुळे ते ८७० अंशांवर बसलेलं. त्या तापमानाला वर केलेलाच हिशोब पुन्हा मांडला तर नव्या कोळशात गंधकाचा दाब १० चा उणे ६वा घात इतका येतो, जुन्यात त्याच्या चौदाव्या भागाइतका. निकेलचं द्रव सल्फाइड बनण्याचा उंबरठा ढोबळमानाने या दोहोंच्या मधे पडतो. जुना कोळसा उंबरठ्याच्या अलीकडे होता, नवा पलीकडे. धातू तोच, जागा तीच, तापमान तेच. एकदा द्रव तयार झाला की संरक्षक थर वगैरे शब्दांना अर्थ राहत नाही. तो धातूच्या कणांच्या सीमांमधून आत घुसतो.

जास्त निकेल घ्या म्हणणाऱ्यांसमोर हे आवरण टेबलावर ठेवलं. निकेल वाईट नाही. क्लोराइडच्या पाण्यात, कार्बन शोषणाच्या धोक्यात तो खरा मित्र आहे. गंधकाच्या गॅसमध्ये, त्यातही न थंड होणाऱ्या भागात, तो तितकाच मोठा शत्रू आहे. ५४० अंशांच्या नळीवर सल्फाइड वितळणार नाही हे खरं. पण राखेने काही वाटा तुंबल्या, उरलेल्या वाटांतून गॅस जोरात धावला, एखाद्या नळीत वाफेचा प्रवाह मंदावला, की नळीचं तापमान ड्रॉइंगवर लिहिलेल्या आकड्याला धरून राहत नाही.

जाता जाता, कोणीतरी विचारलं की एवढा कार्बन मोनॉक्साइड असताना नळ्यांची धातुधूळ कशी झाली नाही. ४५० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात अशा गॅसमध्ये लोखंड आणि निकेलचे मिश्रधातू अक्षरशः कार्बन आणि धातूच्या भुकटीत झडून जातात. उत्तर गमतीचं आहे: इथे गंधकच राखण करतं. त्याचे अणू पृष्ठभागावर चिकटून कार्बनला आत येऊ देत नाहीत. हाच गॅस धुऊन स्वच्छ केला आणि पुन्हा तापवला तर पुढच्या उपकरणात तो प्रश्न उभा राहतो.

पण नळी कशाने फुटली?

आता गळलेल्या नळ्यांकडे. नवी असताना जाडी ५.० मिमी. गळतीच्या जागेपासून बोटभर अंतरावर मोजली तर ४.७ मिमी. ही सगळी झीज नव्या कोळशाच्या ५,००० तासांतच झाली असं धरलं, म्हणजे कोळशाला जास्तीत जास्त दोष दिला, तरी वर्षाला अर्धा मिलिमीटर होते. हा दर चांगला नाही. पण ६० बारच्या वाफेला या व्यासाच्या नळीला २ मिमी जाडीही पुरली असती. झिजून फुटायला अजून पाच वर्षं लागली असती.

एक फुटलेली जागा बेंडवर, म्हणजे नळीच्या वाकावर होती, दुसरी वेल्डच्या शेजारी. जाड राखेचा थर खरवडल्यावर खाली केसासारख्या बारीक भेगा दिसल्या, बाहेरून आत गेलेल्या, फांद्या फुटलेल्या, आणि कणांच्या सीमांवरूनच चाललेल्या. भेगांच्या आसपास नळी पातळ झालेली नव्हती. राखेचा थर शुद्ध पाण्यात ढवळला तर पाण्याचा पीएच ३ च्या आसपास उतरला.

इथे एकोणीस दिवसांचा शटडाऊन आठवावा. बंद करताना नायट्रोजन सोडून आतला गॅस हाकलला (पर्ज) होता. मग एका वेगळ्याच फ्लँजच्या कामासाठी मॅनहोल (कूलरमध्ये माणूस शिरायचं झाकण) उघडला, कूलर गार होऊ दिला, आणि काम दोन दिवसांत संपलं तरी मॅनहोल उघडाच राहिला. दमट हवा आत-बाहेर करत राहिली. नळ्यांवर लोखंडाचं सल्फाइड होतं, लोखंडाचं क्लोराइड होतं, आणि क्लोराइड हवेतलं पाणी मिठासारखं ओढून घेतं. सल्फाइड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की पॉलिथायोनिक नावाची गंधकाची आम्लं तयार होतात. त्यासाठी उष्णता लागत नाही.

आणि ८००एचची नळी त्या आम्लाला तयारच होती. साडेपाचशे अंशांवर हजारो तास राहिलेल्या, कार्बन बऱ्यापैकी असलेल्या अशा ऑस्टेनिटिक (नेहमीच्या स्टेनलेससारखी जाळी असलेल्या) मिश्रधातूत कणांच्या सीमांवर क्रोमियमचं कार्बाइड साचतं आणि सीमेलगतच्या पट्ट्यातलं क्रोमियम संपतं. धातूचा कण शाबूत, सीमा उघडी. बेंडमध्ये वाकवतानाचा ताण अडकलेला, वेल्डशेजारी आकसण्याचा. आम्लाला याहून जास्त काही लागत नाही. एक-दोन आठवडे पुरे. सुरू करताना दाब आणि तापमान चढलं आणि अर्ध्यात आलेल्या भेगा आरपार गेल्या.

क्लोराइडने भेगा पाडल्या नसतील का? हा प्रश्न रास्त होता. ३२ टक्के निकेलचा मिश्रधातू क्लोराइडच्या भेगांना ८-१० टक्के निकेलच्या नेहमीच्या स्टेनलेसपेक्षा पुष्कळ चांगला तोंड देतो, आणि क्लोराइडच्या भेगा बहुधा कण चिरत जातात. इथल्या सीमांवरून गेल्या. म्हणून मुख्य गुन्हेगार पॉलिथायोनिक आम्ल. क्लोराइडचा हात नव्हताच असं मात्र मी लिहून देणार नाही. पाणी आत ओढून आणलं ते त्यानेच.

म्हणजे नवा कोळसा दोषी होता, पण बैठकीत सांगितलं त्या वाटेने नव्हे. चालू असताना त्याने नळीवर जास्त सल्फाइड आणि जास्त क्लोराइड रचलं. बंद असताना त्या साठ्याचं आम्ल झालं. गरमीतला गंज आणि थंडीतल्या भेगा हे एकाच गंधकाचे दोन टप्पे आहेत, आणि फुटण्याचं काम दुसऱ्याने केलं. प्रत्यक्ष प्रकल्पांचा इतिहासही याच बाजूला बोट दाखवतो. फ्लोरिडातल्या पोल्क या वायूकरणावर वीज करणाऱ्या प्रकल्पात कच्चा आणि स्वच्छ गॅस यांच्यातले उष्णता-विनिमयक राखेने तुंबत गेले, गंजले, गळले, आणि शेवटी ते काढूनच टाकावे लागले.

काय बदललं

सगळ्यात आधी बदललं ते शटडाऊनचं पत्रक, आणि त्याला काहीच खर्च आला नाही. मॅनहोल उघडायची गरज नसेल तर कूलर कोरड्या नायट्रोजनखाली, दाब किंचित वर ठेवून, आणि बॉयलरचं गरम पाणी फिरवत उबदार ठेवायचा, म्हणजे नळीवर दव बसत नाही. उघडायचाच असेल तर हवा आत जाण्याआधी सोडा ॲशच्या साधारण २ टक्के द्रावणाने धुवायचा, आणि ते द्रावण साध्या पाण्याने खळखळून न काढता तसंच वाळू द्यायचं, म्हणजे अल्कलीचा पातळ थर राहतो. ही पद्धत तेलशुद्धीकरणात फार जुनी आहे. तिचं मानक म्हणजे गंजतज्ज्ञांच्या एनएसीई या संघटनेचं आरपी ०१७०, आता एसपी ०१७०. कोळशाच्या माणसांना ती नवी वाटली कारण दोन उद्योग एकमेकांची पत्रकं वाचत नाहीत.

धुण्याला विरोधही झाला. राख भिजली की तिचा गारा होतो, कोपऱ्यांत बसतो, सुकल्यावर फोडावा लागतो. तक्रार खरी होती. त्यावर तोड अशी निघाली की आधी राख कोरडीच झाडून काढायची, मगच धुवायचं. दीड दिवस वाढला.

नवं बंडल घ्यायचंच होतं. ६२५ मागे पडला. घेतल्या त्या दुपदरी नळ्या: आत दाब पेलणारं मिश्रधातू पोलाद, बाहेर २७ टक्के क्रोमियम, ३१ टक्के निकेल, साडेतीन टक्के मॉलिब्डेनम असलेला पदर, ज्यात कार्बन ०.०२ टक्क्यांच्या वर जात नाही. क्रोमियम वाढल्याने गरमीतली झीज कमी, कार्बन घटल्याने सीमा उघड्या पडणं कमी. थर्मोकपलसाठी २९ टक्के कोबाल्ट, २८ टक्के क्रोमियम आणि पावणेतीन टक्के सिलिकॉनचा एचआर-१६० निवडला.

खरा वाद झाला वाफेच्या तापमानावर. ४८० अंशांऐवजी कूलरमधून वाफ ४०० अंशांनाच बाहेर काढली आणि उरलेलं तापवणं गॅस टर्बाइनच्या मागच्या स्वच्छ धुरात केलं, तर नळी ४६० अंशांच्या आसपास येते आणि सल्फाइडचा वेग बराच घटतो. वायूकरणावर वीज करणाऱ्या बऱ्याच प्रकल्पांनी कूलरमध्ये जास्त सुपरहीट टाळली ती याच भीतीने. कार्यक्षमता थोडी जाते. प्रक्रियेच्या माणसांनी तो तोटा दर वर्षाच्या पैशांत मांडला, आम्ही एका बिनमोसमी शटडाऊनच्या पैशांत मांडला. शेवटी ४३० वर तोडगा निघाला. हा आकडा रसायनाने नाही, बैठकीने ठरवला, आणि तो मला अजूनही थोडा जास्त वाटतो.

नव्या बंडलमध्ये आग्रहाने एक गोष्ट करून घेतली. कडेच्या रांगेत जुन्या ८००एचचे चार तुकडे टांगले आहेत, दोन बेंडचे, दोन वेल्डचे. त्यातून वाफ जात नाही, म्हणून ते नळ्यांपेक्षा गरम राहू नयेत यासाठी त्यांना बंडलच्या थंड टोकाला, ५५० अंशांच्या गॅसमध्ये जागा दिली. पुढच्या शटडाऊनला दोन तुकडे सोड्याने धुतले जातील. उरलेले दोन बाहेर काढून न धुता, दमट हवेत, राखेसकट तसेच ठेवायचे आहेत, एकोणीस दिवस.